मदत हवी आहे: 11 वर्षं पडीक 2 एकर, चाऱ्याचं गवत कसं उभं करावं? (खटाव तालुका)

मंडळी, नमस्कार.

सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात आमची वडिलोपार्जित 2 एकर जमीन आहे. वडील गेल्यावर 11 वर्षं ती तशीच पडून. मी पुण्यात, महिन्यातून एखादी फेरी होते. चुलतभाऊ गावातच असतो. त्याच्याकडे 2 खिलार गाई आणि 8 शेळ्या. उन्हाळ्यात कडबा विकत घेताना बिचारा मेटाकुटीला येतो, म्हणून ठरवलं की आपल्याच रानात गवत करायचं. मला त्यातून पैसे नकोत.

वरचा सव्वा एकर मुरमाड, कुदळ मारली की टणकन आवाज. खालच्या तुकड्यात वीतभर काळी माती. गाजर गवत कमरेएवढं, मधूनमधून तरवड आणि वेड्या बाभळी. कुसळी तर इतकी की दिवाळीत एक चक्कर मारली आणि पायमोजे फेकून द्यावे लागले. विहीर आहे, पण संक्रांतीनंतर तळ दिसतो.

गेल्या जूनमध्ये ट्रॅक्टरने खोल नांगरट केली, अंजन गवताचं 4 किलो बी फोकलं, वरून कुळव फिरवला. उगवलं काय? गाजर गवत, आधीपेक्षा दाट! अंजनाची दहा-बारा बेटं दिसली, ती गावच्या शेळ्यांनी साफ केली. दुकानदार म्हणतो बी चांगलं होतं, तुमचंच काहीतरी चुकलं.

यंदा परत नांगरू का? भाऊ म्हणतो सगळं सोडा, सुपर नेपियर गवत लावू. जाणकारांनी सांगावं, हातात दोनच महिने आहेत.

माळरान
नांगरू नका. जमिनीत पडून असलेलं गाजर गवताचं बी तुम्हीच वर आणलंत. अंजनाचं बी हलकं, कुसासारखं, ते अर्ध्या इंचाखाली गेलं की संपलं. कुळवाने तेच झालं असणार. उरलेलं मुंग्यांनी नेलं. शिवाय हे बी ताजं असेल तर नीट उगवत नाही, वर्षभर ठेवलेलं चांगलं. दुकानदाराला बी कधीचं ते विचारलं होतं का?

दोन किलो एकराला पुरे. ओल्या मातीत आणि शेणखतात कालवून पहिल्या पावसात टाका, वर फक्त काट्याची फांदी ओढा. स्टायलोही मिसळा, शेंगवर्गीय आहे, मुरमात तग धरते. तिचं बी कडक असतं, गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून मगच पेरा.

गाजर गवत फुलावर यायच्या आत उपटा, हातमोजे घालून. अंगाला खाज सुटते. वेडी बाभूळ नुसती तोडली तर दुप्पट फुटते, बुंधा मातीखालून खणून काढावा लागतो.

बांधावरचा
नेपियरला बारा महिने पाणी लागतं हो! संक्रांतीला आटणाऱ्या विहिरीवर कसलं नेपियर?

रानवारा
वरचं सगळं बरोबर, पण शेळ्या थांबल्या नाहीत तर सोन्याचं बी टाकलंत तरी फुकट. हिवरे बाजार गावाने चराईबंदी उगाच नाही केली. पहिलं वर्ष एकही जनावर आत नको, भावाचंसुद्धा. गवताला एकदा बी झाडू द्या, मग कापा. कुंपणाला पैसे नसतील तर बाभळी तोडणारच आहात, त्याच काट्यांची वई घाला.

आणि कुसळीला शिव्या देऊ नका. कुसळ धरायच्या आत कापली तर जनावरं खातात.

आता एक विचारतो, बांधावर काय उगवतं ते पाहिलंत का?

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. बी कधीचं ते विचारलंच नव्हतं. या रविवारी चुलत्यांना घेऊन बांधावर गेलो. मी आजवर ज्याला नुसतं तण समजत होतो, ते बघून आबा म्हणाले, "अरे ही मारवेल! आपले बैल हिच्यासाठी दावं तोडायचे." बांधाच्या दोन्ही अंगांना आहे, निदान 50 बेटं. विकतचं बी मुरमाड तुकड्यापुरतं आणतो, खाली ही लावावी म्हणतो. ठोंब कधी काढू, किती अंतरावर?

रानवारा
दोन-तीन पाऊस होऊन ओल खाली गेली की. मुळासकट फोडा, शेंडा छाटा, ओळीत दीड फूट आणि ठोंबात एक फूट. सगळी बेटं काढू नका, निम्मी बांधावर राहू द्या.