प्लिमथ पाहुण्यांना दाखवावं का?

चाफा
आईबाबा पुण्याहून आलेत, म्हणून शनिवारी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं प्लिमथ पटक्सेट हे खुलं संग्रहालय दाखवून आणलं. १६२७ सालचं इंग्रज वसाहतवाल्यांचं गाव तिथे हुबेहूब उभारलंय. गवताने शाकारलेली घरं, चुलीचा धूर, त्या काळच्या पेहरावात त्या काळचंच बोलणारी माणसं. आई चुलीपाशी रमली. पण मला राहून राहून वाटतंय, पाहुण्यांना हे दाखवू नये. मेफ्लॉवर जहाजावरून १६२० मध्ये १०२ जण आले, पहिल्याच हिवाळ्यात निम्मे गेले, याची हळहळ प्रत्येक घरात भेटते. पण त्यांनी घरं बांधली ती जागा म्हणजे वाम्पनोआग या मूळनिवासी लोकांचं पटक्सेट गाव. १६१६ ते १६१९ च्या साथीने ते अख्खं गाव ओस पडलं होतं. शेतं आयती मिळाली.

बॉस्टनकर
अजिबात पटलं नाही. ताई, संग्रहालयातच पटक्सेटची वस्तीही उभारलीय, तिथे तुम्ही किती वेळ थांबलात? तिथे कुणी सोंग घेत नाही. मूळनिवासी लोकच आपल्या पूर्वजांबद्दल आजच्या भाषेत बोलतात. माझी लेक तासभर मिशूनपाशी, म्हणजे ओंडक्याच्या होडीपाशी, उभी होती. लाकडाच्या ओंडक्यात निखारे ठेवायचे, कोळसा झालेला भाग खरवडायचा, पुन्हा निखारे, असं करत होडी कोरतात. पटक्सेटच्याच टिस्क्वांटमची गोष्ट तिला तिथेच कळली. त्याला १६१४ मध्ये पळवून स्पेनला विकायला नेलं, तो परतला तेव्हा गावात कुणी उरलंच नव्हतं. रात्री जेवताना तिने विचारलं, "मग तो कुणाकडे गेला?" एवढ्यासाठी मी पुन्हा तिकीट काढेन.

चाफा
वस्तीत आम्ही जेमतेम पंधरा मिनिटं होतो, हे खरं. पण साल १६२७ का? १६२१ मध्ये वाम्पनोआगांचा प्रमुख मॅसॅसॉइट याने या वसाहतवाल्यांशी तह केला. त्याच्याच मुलाला, मेटाकॉमला, १६७६ मध्ये मारून त्याचं मुंडकं याच प्लिमथमध्ये वर्षानुवर्षं खांबावर ठेवलं. घड्याळ १६२७ वर थांबवलं की चुलीपाशी बसलेल्या माझ्या आईपर्यंत हे पोचतच नाही.

रानवाट
म्हणून मी पाहुण्यांना आधी गावातल्या कोल्स हिलवर नेतो. तिथे मॅसॅसॉइटचा पुतळा आहे आणि खाली किनाऱ्यावर १६२० कोरलेला तो प्रसिद्ध खडक. १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला, नोव्हेंबरातल्या त्या अमेरिकी सणाला, मूळनिवासी याच टेकडीवर शोकदिन पाळतात. चाफाताई, आईबाबा नोव्हेंबरपर्यंत असतील तर त्या दिवशी न्या. तिथे तिकीट नाही.

बॉस्टनकर
टेकडीवर जरूर न्या. पण निखाऱ्यांपाशीही पुन्हा न्या, या वेळी पंधरा मिनिटांत परतू नका.