पाटण ते चिपळूण : बाराही महिने मोटारसायकलने जाणे कितपत शक्य आहे?

कोयनाकाठ :
नमस्कार. येत्या जूनपासून माझी नेमणूक चिपळूणला होत आहे. मुलांची शाळा आणि घरातील वडीलधारी माणसे पाटणलाच असल्यामुळे बिऱ्हाड हलवणे शक्य नाही, म्हणून कुंभार्ली घाटातून रोज ये-जा करण्याचा विचार आहे. येऊन-जाऊन अंतर शंभर किलोमीटरच्या वर जाते आणि एसटीच्या वेळा माझ्या कामाच्या वेळेशी जुळत नाहीत. गाडी १५० सीसीची असून पुढे एबीएससह डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहे. पाटण-कराड हा सपाटीचा रस्ता माझ्या सवयीचा आहे, परंतु पावसाळ्यात घाट कधी केलेला नाही. ऋतूनुसार गाडीत आणि चालवण्यात काय बदलावे लागते, तसेच कोणत्या दिवशी गाडी बाहेर काढूच नये, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

खेर्डीकर :
शक्य आहे, मात्र पावसाळा हा एकच ऋतू आहे असे समजू नका. कोयनानगरच्या परिसरात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर कराडला हजारसुद्धा पडत नाही. त्यामुळे तुमची सपाटीवरची सवय हेळवाकच्या पुढे फारशी उपयोगी पडणार नाही.

सर्वांत फसवा काळ जूनचा पहिला पंधरवडा. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेली धूळ आणि वाहनांतून गळलेले ऑइल पहिल्या सरीत एकत्र होऊन डांबरावर साबणासारखा थर चढतो. त्यातच झाडांखाली जांभळांचा सडा पडून चाकांखाली त्याचा चिखल झालेला असतो आणि काळ्या रस्त्यावर तो दिसतही नाही. जुलैतला धो-धो पाऊस यापेक्षा बरा, कारण रस्ता धुऊन निघालेला असतो आणि टायर चांगले असतील तर पकड मिळते. त्या काळातला धोका वळणांवर असतो. डोंगराकडच्या अंगाने लाल माती आणि बारीक खडी वाहून येते, तर दरीकडची साईडपट्टी खचलेली असते. ऑगस्टनंतर उघडीप मिळू लागली की ज्या वळणांवर ऊन पोहोचत नाही, तेथे शेवाळ धरते. रस्ता वाळला असे वाटून आपण वेग वाढवतो आणि नेमके तेथेच मागचे चाक सरकते.

सकाळी तुम्ही घाट उतरणार आहात, म्हणून ब्रेकचे सांगतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरवर गाडी सोडावी. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक मिळून कमी करावा. वळणात गाडी कललेली असताना पुढचा ब्रेक दाबू नये, कारण साध्या एबीएसमुळे चाक लॉक होत नसले तरी कललेल्या गाडीचे घसरणे त्याने थांबेलच असे नाही. मागचा ड्रम भिजला की पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही, म्हणून पाण्यातून बाहेर पडल्यावर थोडे अंतर तो हलका दाबून ठेवावा आणि कोरडा करून घ्यावा. धुक्यात अप्पर लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. डिप्परवरच चालवावे आणि रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीचा अंदाज घ्यावा, पण चाक तिच्यावर नेऊ नये, कारण तो रंग ओला असताना फार निसरडा होतो.

गाडी न काढण्याचे दिवस आधीच ठरवून टाका. हवामान खात्याने रत्नागिरी जिल्ह्याला किंवा साताऱ्याच्या घाट परिसराला रेड अलर्ट दिला असेल तर सरळ रजा टाकावी किंवा चिपळूणलाच मुक्काम करावा. मोरीवरून पाणी वाहत असेल आणि रस्त्याची कड दिसत नसेल तर पुढची एसटी गेली म्हणून आपणही जावे, हा हिशेब चुकीचा आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात किती भरले होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

गॅरेजवाला कराडकर :
चालवण्याबद्दल वर सविस्तर आलेच आहे, मी गाडीपुरते लिहितो. पावसात टायरमधली हवा कमी करावी, असा सल्ला पुष्कळ जण देतात. तो मानू नका. कंपनीने सांगितलेली हवा टायर थंड असताना भरावी, कारण हवा कमी असली की नक्षीच्या खाचा दबतात आणि पाणी बाहेर फेकायला जागा राहत नाही. टायरच्या खाचेत झीज दाखवणारा छोटा उंचवटा असतो. रबर त्याच्या पातळीला येण्याची वाट न पाहता मे महिन्यातच टायर बदललेला बरा.

चेन पावसाळ्यात दर आठवड्याला पुसून तेल द्यावे लागते, आणि तेही गाडी फिरून आल्यावर, चेन कोमट असताना. निघताना दिलेले तेल चाकावर उडते. ब्रेकचे फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे ते दोन वर्षांनी बदलावे. घाट उतरणाऱ्याने तर यात अजिबात चालढकल करू नये. आणखी एक जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टाकीच्या झाकणाखाली पाणी निथळण्यासाठी बारीक भोक असते, ते मातीने बुजले की साचलेले पाणी पेट्रोलमध्ये उतरते. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्यामुळे ते पाणी त्यात मिसळते, प्रमाण वाढले की तळाशी बसते आणि गाडी भर घाटात झटके देऊ लागते. बारीक तार घालून ते भोक पावसाआधी मोकळे करून घ्या.

रात्रपाळी :
दोन्ही दादांनी पावसावर लिहिले आहे, पण मी रुग्णालयातील रात्रपाळीसाठी याच पट्ट्यात गाडी चालवते आणि मला हिवाळ्याची धास्ती अधिक वाटते. उसाचा हंगाम सुरू झाला की पाटणच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात, मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसताना चालत असतात. रस्त्यावर पडलेले उसाचे कांडे चाकाखाली गोल फिरते, त्यामुळे ट्रॅक्टरच्या मागे लगटून राहू नये.

थंडीचा आकडाही फसवा असतो. हवा १० अंशांवर असताना ताशी ६० किलोमीटर वेगाने अंगावर वारा घेतला तर ती ५ अंशांइतकी जाणवते. बोटे बधिर झाली की क्लच आणि ब्रेक वेळेवर दाबले जात नाहीत, म्हणून स्वेटरवर स्वेटर चढवण्यापेक्षा वारा अडवणारे हातमोजे आधी घ्यावेत.

उन्हाळ्यात शर्ट ओला करून वर जाळीचे जॅकेट घालण्याची युक्ती घाटमाथ्यावरच्या कोरड्या हवेत उत्तम चालते, पण चिपळूणच्या दमट हवेत पाणी वाळतच नाही आणि उलट घुसमट होते. तेथे सावलीत थांबून कोकम सरबत पिणे अधिक हिताचे.

कोयनाकाठ :
सर्वांचे मनापासून आभार. मे महिन्यात दोन्ही टायर बदलून घेतो आणि त्या झाकणाचेही पाहतो. चिपळूणला मुक्कामाची एक सोय आधीच करून ठेवावी, हेही पटले. एकच शंका राहिली : पावसासाठी महागडे रायडिंग जॅकेट घ्यावे की साधा रेनकोट पुरेल?

खेर्डीकर :
जुलैच्या पावसात आमच्याकडे कोणतेही जॅकेट तासाभराने आत पाझरतेच. जॅकेट पडल्यावर अंग वाचावे म्हणून घ्या आणि पाण्यासाठी त्यावर एक माप मोठा, शर्ट-पँट असा दोन तुकड्यांचा रेनकोट चढवा. पायघोळ, एकसंध रेनकोट चेनमध्ये अडकतो. रंग पिवळा किंवा नारिंगी असावा, म्हणजे धुक्यात मागच्या ट्रकला तुम्ही दिसाल. पँट बुटांच्या वरून सोडा. आत खोचली तर पोफळी येईपर्यंत बूट पाण्याने भरतील.