एअरलेस स्प्रे मशीन प्रेशर धरत नाही, मदत हवी आहे

मंडळी, हवेशिवाय, नुसत्या पंपाच्या दाबाने रंग फवारणारं पिस्टन पंपवालं इलेक्ट्रिक मशीन आहे. प्राइमवर (पंपात रंग भरून घ्यायच्या सेटिंगवर) रंग छान उचलतं. स्प्रेवर घेतलं की गेज 2500 पीएसआयपर्यंत चढतं, पण ट्रिगर दाबला रे दाबला की काटा धपकन खाली! भिंतीवर कडेला जाड पट्टे आणि मधे विरळ. टिप (गनच्या तोंडाचं नोझल) 517 नंबरची, नवीन. रंग साधा एक्स्टिरियर इमल्शन, गाळून घेतलेला.

गनचा आणि पंपाचा फिल्टर धुतलाय. इनलेटची गोळी सुटी आहे, सीटही स्वच्छ. प्राइम व्हॉल्व्हच्या रिटर्न पाइपातून थेंबही येत नाही. पण ट्रिगर सोडल्यावरही मोटर मधूनमधून गचका देते आणि पॅकिंग (पिस्टन रॉडभोवतीचं सील) आवळणाऱ्या नटापाशी रंग पाझरतो. पिस्टन रॉडवर उभा ओरखडा आहे, नख अडकतं.

दुकानदार म्हणतो अख्खा पंप बदला. (तो तेच म्हणणार!) माझ्या मते रॉड आणि पॅकिंग किट पुरे. नुसतं किट बदललं तर ओरखडा नवं पॅकिंगही खाईल ना? पॅकिंगमधल्या लेदर आणि प्लास्टिकच्या व्ही-रिंग (V आकाराच्या सील-रिंगा) कोणत्या क्रमाने बसवायच्या? लेदर तेलात किती वेळ भिजवायचं? रॉडला पुन्हा हार्ड क्रोम (क्रोमचा कडक मुलामा) करून कुणी वापरलाय का? नाशिकजवळ कुणी करून देत असेल तर कळवा. साइट अडकलीय.