रोममधले शेवटचे तीन दिवस पायी आणि निवांत घालवायचे आहेत, गुडघा सांभाळून. आखणी कशी करावी?

निवांत_दोघे

नमस्कार. ऑक्टोबरच्या मध्याला आम्ही दोघं रोममध्ये आहोत. कोलोसियम, फोरम आणि व्हॅटिकन आधीच्या दिवसांत होईल, त्याची तिकिटं काढून झाली आहेत. मग शुक्रवार, शनिवार, रविवार पूर्ण मोकळे. सोमवारी रात्री नऊला फ्युमिचिनोहून विमान, दोहामार्गे मुंबई.

मुक्काम काम्पो दे फिओरीच्या चौकाजवळ. वय साठीच्या आसपास. सपाटीवर पाच-सहा किलोमीटर आरामात चालतो, पण जिने उतरताना एकाच्या गुडघ्याला त्रास होतो. एक जण पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. या तीन दिवसांत शक्यतो तिकीट, रांग, वेळेचं बुकिंग काहीच नको. रविवारी जुन्या आप्पिया रस्त्यावर जायचा विचार आहे, तो बरोबर आहे का? सोमवारचा दिवस कसा वापरावा?

सात_टेकड्या

मुक्कामाची जागा उत्तम आहे, बहुतेक सगळं तिथून दीड-दोन किलोमीटरच्या आत येतं. रोममध्ये थकवा येतो तो अंतरामुळे कमी आणि पायाखालच्या दगडांमुळे जास्त. गल्ल्यांमध्ये बसाल्टचे चौकोनी ठोकळे बसवलेले असतात, वरून किंचित फुगीर आणि मधल्या फटी मोकळ्या. पातळ तळव्याच्या बुटात दोन तासांत पोटऱ्या भरून येतात, पाऊस पडला की दगड गुळगुळीत होतात. जाड आणि खोबणीदार तळव्याचे, आधीपासून वापरातले बूट घाला. सपाटीवरचे सहा किलोमीटर इथे चारच धरा.

दिवसाचे दोन तुकडे करा. सकाळी साडेसात ते साडेबारा बाहेर, मग खोलीवर आडवं व्हायचं आणि साडेतीन-चारला पुन्हा निघायचं. बरीचशी छोटी चर्चेस दुपारी साडेबाराच्या सुमारास दारं लावतात आणि तीन-चारला उघडतात. दुपारी एकला निघालेला माणूस बंद दारं बघत फिरतो आणि पाय वाया घालवतो.

शुक्रवार. सकाळी उजाडताच त्रेव्ही. १७६२ मध्ये पूर्ण झालेलं हे कारंजं आजही इसवी सनपूर्व १९ मधल्या आक्वा व्हिर्गो या जलवाहिनीच्या पाण्यावर चालतं. साडेआठनंतर तिथे उभं राहायला जागा नसते. परतताना सांत इन्यात्सियो चर्च. छताकडे पाहिलं की घुमट दिसतो, प्रत्यक्षात तो आंद्रेआ पोत्सोने सपाट कापडावर रंगवलेला आहे. जमिनीवर एक गोल खूण आहे, तिच्यावर उभं राहून बघा आणि मग चालत पुढे जा, घुमट कलंडताना दिसेल. छत दिसावं म्हणून ठेवलेल्या आरशापाशी फोटोसाठी रांग असते, तिच्यात उभं राहायची काही गरज नाही. पुढे सांता मारिया सोप्रा मिनेर्व्हा, दारातच शिल्पकार बर्निनीचा हत्ती पाठीवर इजिप्शियन स्तंभ घेऊन उभा आहे. पँथिऑन, हे घुमटाचं प्राचीन रोमन मंदिर, बाहेरूनच पाहा. २०२३ पासून तिकीट लागतं, तुम्हाला ते नको आहे. आत जायचा मोह झालाच तर सोमवारी सकाळी.

शेवटी नाव्होना चौक. हा लांबट आकार दोमिशियन सम्राटाच्या स्टेडियमचा आहे, घरं जुन्या बैठकांच्या पायावर उभी आहेत. मधल्या कारंज्यात बर्निनीने चार खंडांच्या चार नद्या बसवल्या, त्यात आशियाची म्हणून गंगा आहे. हातात लांब वल्हं असलेला पुरुष म्हणजे गंगा. सगळे मिळून तीन किलोमीटरच्या आसपास आणि जिना जवळजवळ नाही.

शनिवार सकाळ त्रास्तेव्हेरे. पोंते सिस्तो हा पूल ओलांडला की पलीकडे सपाट गल्ल्या. सांता मारिया इन त्रास्तेव्हेरे दुपारी सहसा बंद होत नाही. आतली बाराव्या शतकातली मोझाइकं बघायला वीस मिनिटं तरी बाकावर बसा, डोळे सरावल्याशिवाय सोनं दिसत नाही.

संध्याकाळ आव्हेंतिनो टेकडीसाठी ठेवा. घेट्टोमधून, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीतून, तिबेरिना बेट (त्याचा पोंते फाब्रिचियो हा पूल इसवी सनपूर्व ६२ चा, अजून वापरात आहे), मग चिर्को मास्सिमो या रथशर्यतींच्या प्राचीन मैदानाच्या कडेने वर, सुमारे अडीच किलोमीटर. चढायला क्लिव्हो देई पुब्लिची हा रस्ता धरा. नदीच्या बाजूची रोक्का साव्हेल्लाची वाट नकाशात जवळची दिसते, पण तीव्र उताराची आणि खडबडीत आहे, उतरताना तर मुळीच नको. संत्र्यांच्या बागेचं फाटक ऑक्टोबरमध्ये लवकर बंद होतं, पाचपर्यंत पोहोचा. शेजारच्या सांता साबिना चर्चचा पाचव्या शतकातला कोरीव लाकडी दरवाजा चुकवू नका. पलीकडे माल्टाच्या सरदारांच्या फाटकाचं कुलपाचं भोक आहे, त्यातून सेंट पीटरचा घुमट झाडांच्या कमानीत नेमका बसलेला दिसतो. रांग असते, पण झरझर सरकते.

गल्लीबोळ

वरची आखणी चांगली आहे, पण शुक्रवारच्या वाटेत सान लुइजी देई फ्रांचेसी राहून गेलं. पँथिऑन ते नाव्होना या रस्त्यावरच आहे. आत डाव्या हाताच्या शेवटच्या दालनात काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं, ज्या भिंतींसाठी काढली त्याच भिंतींवर. दालन अंधारं असतं, दिव्याच्या पेटीत नाणं टाकावं लागतं आणि काही मिनिटांत दिवा विझतो. सुटी नाणी खिशात ठेवा. दिवा लागल्यावर आधी डावीकडचं चित्र पाहा, त्यात खिडकीशेजारून येणारा प्रकाश दालनातल्या खऱ्या उजेडाच्याच दिशेने पडतो. तिथून तीन मिनिटांवर सांत आगोस्तीनो, तिथे त्याचंच एक चित्र, मळक्या तळव्यांच्या यात्रेकरूंचं. हे दोन्ही वगळून नाव्होनाला जाणं म्हणजे त्या वाटेवरचं सर्वांत मोलाचं तेच सोडणं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हे सगळ्याच चर्चेसना लागू.

रविवारी आप्पिया रस्ता गुडघ्यासाठी नको. इसवी सनपूर्व ३१२ मध्ये सुरू झालेला रस्ता, रविवारी बराचसा भाग वाहनांना बंद, हे सगळं खरं. पण चेचिलिया मेतेल्लाच्या थडग्यापुढे जिथे तो खरोखर सुंदर होतो, तिथेच मूळचे मोठे बसाल्ट दगड येतात, गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेले, वेडेवाकडे. प्रत्येक पावलाला घोटा आणि गुडघा वळतो. तिथली कॅटाकोंब, म्हणजे जमिनीखालच्या दफनगुहा, पाहायच्या तर पुन्हा जिने आणि तिकीट.

त्याऐवजी रविवारी व्हिया देई फोरी इंपेरियाली वाहनांना बंद असतो. व्हेनेत्सिया चौकापासून कोलोसियमपर्यंत साधारण एक किलोमीटर, सपाट आणि मोकळा. आधी काम्पिदोल्यो टेकडीवर जा. शेजारी शेजारी दोन चढ दिसतील: आराचेली चर्चचा १२४ पायऱ्यांचा दगडी जिना आणि मायकेलअँजेलोचा कोर्दोनाता. कोर्दोनाता घोड्यावरून चढता यावं असा उतरता पट्टा आहे, उंबऱ्या जेमतेम. गुडघ्याला तोच. वर चौकाच्या मागे, महापालिकेच्या इमारतीच्या दोन्ही बाजूंनी गेलं की खाली अख्खं फोरम पसरलेलं दिसतं, तिकीट नाही. सकाळी ऊन पाठीवर घ्यायचं तर उलट बाजूने बघावं लागतं, म्हणून संध्याकाळी पाचची वेळ चांगली. खांबांवर सोनेरी उजेड येतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी वस्तुसंग्रहालयं फुकट असतात आणि त्या भागात तुफान गर्दी होते. तुमचा रविवार मध्याचा आहे, त्यामुळे अडचण नाही.

हिरवं_ताट

शाकाहाराबद्दल. रोममध्ये फसगत होते ती भाजीसारख्या दिसणाऱ्या पदार्थांत.

भोपळ्याच्या फुलांची भजी: आत मोझारेल्लासोबत खारवलेला अँचोव्ही मासा असतो. पुंतारेल्ले या कडसर पालेभाजीच्या कोशिंबिरीत तोच मासा वाटलेला. सुप्ली म्हणजे भाताचा तळलेला गोळा, नेहमीच्या प्रकारात खिम्याचा रस असतो. मिनेस्त्रोने सूपमध्ये डुकराच्या चरबीचे तुकडे असू शकतात.

अंड्याचा नियम सोपा आहे: ताजा पास्ता बहुधा अंड्यात मळलेला, सुका पास्ता फक्त रवा आणि पाणी. फेत्तुचिने, राव्हिओली टाळा. काचो ए पेपे, म्हणजे चीज आणि मिरीचा पास्ता, बऱ्याच ठिकाणी तोन्नारेल्ली या ताज्या पास्त्यावर वाढतात, त्यात अंडं असतं. स्पॅगेटी किंवा रिगातोनीवर करून मागा. मात्र त्यातलं पेकोरिनो चीज कोकराच्या रेनेटने (जठरातल्या, दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) विरजलेलं असतं. तेही चालत नसेल तर स्पॅगेटी आल्यो ए ओल्यो, म्हणजे लसूण, तेल, मिरची, किंवा पोमोदोरो, टोमॅटोचा, आणि वर 'सेन्त्सा फोर्माज्जो' सांगायचं. पिझ्झा मारिनारात चीजच नसतं. नुसतं 'व्हेजिटेरियानो' म्हणून थांबू नका, 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओव्हा' असं तिन्ही म्हणा: मांस नाही, मासा नाही, अंडं नाही. जिलातोत 'क्रेमा' प्रकारांत बलक असतो, फळांचं सोर्बेत्तो निवडा.

घेट्टोत जेवायचं असेल तर वार बघा. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथमुळे (ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) कोशेर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार चालणाऱ्या, खानावळी बंद असतात. रविवारी जा. दुधाच्या पदार्थांची कोशेर खानावळ मिळाली तर तिथे मांस मुळातच नसतं, मासे मात्र असतात.

पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रस्त्यावरच्या लोखंडी नळांचं, नासोनींचं, पाणी पिण्याचं आहे. तोटी खालून बोटाने दाबली की वरच्या छोट्या भोकातून पाणी उसळतं, वाकावंही लागत नाही.

निवांत_दोघे

आप्पिया रद्द. सोमवारी सामान कुठे ठेवावं आणि विमानतळाला किती वाजता निघावं?

सात_टेकड्या

सामान मुक्कामाच्याच ठिकाणी ठेवता येतं का ते आताच विचारा. लहान गेस्टहाउसमध्ये दुपारी कोणी हजर नसतं, मग बॅगा अडकतात. शहराचा मुक्काम-कर माणशी, दर रात्रीचा, वेगळा द्यावा लागतो. निघायच्या आदल्या दिवशीच चुकता करा.

तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्थानकाला जायची गरज नाही. विमानतळाची लिओनार्दो एक्सप्रेस तिथूनच सुटते, ३२ मिनिटं, १४ युरो, पण तुमच्यासाठी ती उलटी दिशा. त्रास्तेव्हेरे स्थानकातून एफएल-१ लोकल विमानतळाला जाते, अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते आणि भाडं कमी. कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, न छापलेल्या तिकिटाला दंड होतो. बॅगा जड असतील तर सरळ अधिकृत पांढरी टॅक्सी: आउरेलियन तटबंदीच्या (जुन्या शहराभोवतीच्या प्राचीन भिंतीच्या) आतून फ्युमिचिनोला ठरलेला दर, ५५ युरो, सामान धरून. बसण्याआधी 'तारीफ्फा फिस्सा' म्हणा. दगडांवरून बॅगांची चाकं ओढत नेऊ नका, तुटतात.

नऊच्या विमानासाठी साडेपाचला विमानतळावर असा. करपरताव्याची पावती असेल (एका दुकानात ७० युरोंच्या वर खरेदी लागते), तर पाचलाच. वस्तू बॅगेत बंद करून चेक-इनला देण्याआधी कस्टमकडे जायचं, ते वस्तू बघायला मागू शकतात. विमान थेट युरोपाबाहेर जातंय, म्हणून हे काम रोमलाच उरकावं लागेल.

आदल्या संध्याकाळी संपाची बातमी तपासा. 'शोपेरो' असा शब्द शोधा. कामकाजाच्या दिवशी संप असला तरी लोकल गाड्यांना सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांची हमी असते, आणि नेमकी तुमची निघायची वेळ या दोहोंच्या मधली आहे. त्या दिवशी संप असेल तर टॅक्सी आदल्या रात्रीच सांगून ठेवा.