नव्या लॅपटॉपवर डेबियन 12 बसलं, पण वायफाय दिसूनच नाही राहिलं

अभ्यासिकावाला, नंदनवन:
नमस्कार मंडळी. नंदनवनात माझी अभ्यासिका आहे, एमपीएससी अन् पोलीस भरतीची पोरं बसतात. तिथले जुने कॉम्प्युटर डेबियन 12 या लिनक्स सिस्टिमवर मस्त चालून राहिले. फीच्या पावत्यांसाठी नवा लॅपटॉप घेतला, त्यावरही तेच टाकलं. स्क्रीन, आवाज, टचपॅड सगळं ठीक, फक्त वायफाय नाही. लॅनचं पोर्टही नाही, म्हणजे काही उतरवून घ्यायचीही सोय नाही. सीताबर्डीच्या एका दुरुस्तीवाल्यानं कार्ड गेलं, बदलवून टाका म्हटलं. मला पटलं नाही, विंडोजवर हेच कार्ड चांगलं चालत होतं. जोडलेल्या कार्डांची यादी दाखवणारी 'एलएसपीसीआय -एनएनके' कमांड मारली तर रियलटेक आरटीएल8852बीई दिसते, पण त्याच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नाही. बाकीच्यांखाली आहे. काय करावं?

प्रतापनगर:
कार्डाला हात लावू नका भाऊ, ते धडधाकट आहे. यादीत दिसते म्हणजे मदरबोर्डाला ते सापडलं. ड्रायव्हरची ओळ नाही, म्हणजे तुमच्या कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ते चालवता येत नाही. डेबियन 12 मध्ये 6.1 कर्नल आहे अन् या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला 6.2 पासून. एवढ्याशा फरकानं अडलं.

मोबाइल यूएसबी केबलनं जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट येईल. मग सोर्सेस-लिस्टमध्ये (सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं त्या यादीत) बुकवर्म-बॅकपोर्ट्सची, म्हणजे डेबियन 12 साठी बनवलेल्या नव्या पॅकेजांची, ओळ टाका. त्या ओळीत 'मेन'सोबत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' लिहायला विसरू नका. 'अ‍ॅप्ट अपडेट' करून 'अ‍ॅप्ट इन्स्टॉल -टी बुकवर्म-बॅकपोर्ट्स लिनक्स-इमेज-एएमडी64 फर्मवेअर-रियलटेक' चालवा. कर्नल अन् फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) दोन्ही तिथूनच घ्या. जुना 6.1 काढू नका, काही बिघडलंच तर ग्रबच्या (चालू होतानाच्या मेनूच्या) अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून त्यात शिरता येते.

वर्धा रोड:
सरळ डेबियन 13 का नाही टाकत? ऑगस्ट 2025 मध्ये आलं, त्यात 6.12 आहे. अन् कोणी गिटहबवरून ड्रायव्हर घेऊन डीकेएमएस या साधनानं बसवा म्हटलं तर तूर्त नाही म्हणा. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर त्या ड्रायव्हर मॉड्यूलला सही लागते, शिवाय दर कर्नल अपडेटला ते नव्यानं बनते. एखाद्या वेळी बनलं नाही की ऐन अ‍ॅडमिशनच्या गर्दीत वायफाय बंद. बॅकपोर्ट्सचा कर्नल डेबियनची सही घेऊनच येते, सिक्युअर बूट बंद करायचीही गरज नाही.

अभ्यासिकावाला, नंदनवन:
झालं राजेहो! 13 सध्या नाही टाकत, पावतीचा प्रिंटर 12 वर नीट बसला आहे अन् सगळ्या मशीन सारख्या असल्या की पोरांनाही सोपं जाते. मोबाइल जोडून बॅकपोर्ट्समधून दोन्ही घेतलं, रीबूट केलं. चालू कर्नलचा नंबर सांगणारी 'यूनेम -आर' कमांड आता 6.12 दाखवते, अन् कार्डाखाली ओळ आली: आरटीडब्ल्यू89_8852बीई. झाकण लावून उघडलं तरी वायफाय परत लागते. प्रतापनगरवाले भाऊ, मनापासून आभार. ब्लूटूथ अजून तपासायचं आहे, अडलं तर इथंच लिहितो.