चाळकेवाडीच्या वाऱ्यात ५० मिमी कार्बन व्हील्स चालतील का? वजन ५६ किलो

सडा_आणि_सायकल
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. मी साताऱ्यात राहते, वजन ५६, डिस्क ब्रेकची एंड्युरन्स रोड बाईक आहे, चाकं बाईकबरोबर आलेली अलॉयची, रिम जेमतेम २५ मिमी उंच आणि टायर २८ चे. आता कार्बन व्हीलसेट घ्यायचं पक्कं केलंय, बजेट लाखाच्या आसपास. जिथे विचारावं तिथे ५० मिमी उंच रिमचा (डीप रिम) घे, ऑलराउंडर आहे, डोळे झाकून घे असंच ऐकायला मिळतंय.

पण माझे रस्ते बघा. एक तर सज्जनगड फाटा, ठोसेघर करत वर चाळकेवाडी. तिथल्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे, म्हणजे वारा किती असेल ते सांगायला नको. दुसरा रस्ता ग्रुपबरोबर कोरेगाव, पुसेगाव आणि परत. पावसाळ्यात जाताना वारा पाठीवर असतो आणि परतताना पश्चिमेचा वारा सरळ तोंडावर, तिथे मात्र वाटतं की डीप रिम असती तर बरं झालं असतं. या सीझनला ३०० किमीची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) पण करायची आहे.

माझी भीती चढाची नाहीच, ती उताराची. वरून खाली येताना रस्ता एका बाजूने डोंगर कापून काढलाय, तिथे आडोसा असतो, एकदम शांत. मग वळण संपतं, डोंगराची कड सरते, खाली दरी उघडी होते आणि त्याच क्षणी बाजूने झोत येतो. आत्ताच्या साध्या चाकांवरसुद्धा हँडल हातात झटका मारतं आणि सायकल फूटभर सरकते. हे ५० मिमीवर किती वाढेल? फक्त मागे डीप लावलं तर चालतं का? आणि माझ्या वजनाचं कोणी इथे आहे का, कारण सल्ला देणारे सगळे ७५-८० किलोवाले आहेत.

वॅटचा_हिशोब
ताई, प्रश्न फार नीट मांडलाय. आधी सरळ उत्तर देतो आणि मग कारण. पुढे ३५ ते ४० मिमी, मागे हवं तर ५०. दोन्हीकडे ५० तुमच्या वजनाला आणि त्या उताराला मी तरी सांगणार नाही.

आता कारण. वाऱ्याचा जोर रिमच्या बाजूच्या क्षेत्रफळावर बसतो. साधा भूमितीचा हिशोब केला तर ३० ची रिम ५० केली की हे क्षेत्रफळ साधारण १.६ पट होतं आणि ८० केली की जवळजवळ अडीच पट. मागच्या चाकावर हा जोर बसला तरी ते फ्रेममध्ये पक्कं असतं, सायकल थोडी ढकलली जाते एवढंच. पुढचं चाक मात्र हँडलला जोडलेलं. वाऱ्याचा जोर स्टिअरिंगच्या अक्षाच्या पुढे पडला तर डावीकडून झोत आल्यावर चाक उजवीकडे वळायला बघतं, आणि तुम्ही म्हणता तो झटका हाच. त्यामुळे ‘फक्त मागे डीप’ हा काही अर्धवट जुगाड नाही, अगदी शास्त्रशुद्ध गोष्ट आहे. एनव्ही या चाकांच्या कंपनीच्या बऱ्याच सेटमध्ये पुढची रिम मागच्यापेक्षा कमी उंचीची असते. रोव्हल कंपनीच्या रॅपिड सीएलएक्स २ या सेटमध्ये पुढे ५१ आणि मागे ६० होती, शिवाय पुढची रिम बाहेरून तब्बल ३५ मिमी रुंद ठेवली होती, ती आडव्या वाऱ्यात हँडल शांत राहावं म्हणूनच.

दुसरा मुद्दा कोणी बोलत नाही. कंपन्यांचे विंड टनेलचे आकडे बहुतेक ताशी ४५ किमी किंवा त्याहून जास्त वेगाचे असतात. आपण ३० ने चालतो. समजा बरोबर बाजूने १५ चा वारा आहे. ४५ ने जाणाऱ्याला तो समोरून साधारण १८ अंशांनी तिरका लागतो, ३० ने जाणाऱ्याला तोच वारा साडेसव्वीस अंशांनी. म्हणजे हळू चालवणाऱ्याला वारा जास्त आडवा भेटतो. १०-१५ अंशांपर्यंत चांगली डीप रिम शिडासारखं काम करते, ओढ कमी होते, पण कोन फार वाढला की हवा रिमवरून सुटते, मग फायदा जातो आणि हँडलवरचा जोर एकदम बदलतो. हा ‘एकदम’ शब्दच महत्त्वाचा. एकसारखा वारा कितीही असू दे, माणूस त्याच्यावर थोडं झुकून चालवतो. त्रास झोताचा होतो.

आणि फायदा तरी किती? ३० च्या वेगाला ३५ आणि ५० मिमी यांतला फरक मोजकेच वॅट. त्यापेक्षा आत्ताचे टायर जाड पंक्चर-प्रूफ प्रकारचे असतील तर ते काढून चांगले रेसचे टायर लावा, दोन्ही टायर मिळून १० वॅटच्या वर सहज वाचतात आणि खर्च चाकांच्या मानाने काहीच नाही.

झीलंडचा_वारा
मूळचा कोल्हापूरचा, सध्या नेदरलँड्समध्ये, समुद्राच्या अगदी जवळ राहतो. इथे वारा नाही असा दिवस शोधावा लागतो. इथल्या ऑस्टरस्केल्ड धरणावर तर मुद्दाम वादळी वाऱ्याचा दिवस बघून समोरच्या वाऱ्यात सायकल चालवायची स्पर्धा भरवतात, साध्या बिनगिअरच्या सायकलींवर. लोक वाऱ्याला सरावलेत म्हणजे किती ते यावरून समजा.

माझं वजन ६२. मी ४५ मिमी वापरतो आणि सपाट बांधावर मला काही अडचण नाही. पण ताई, इथे उतारच नाहीत! झोत आला आणि सायकल दोन फूट सरकली तरी माझा वेग ३०-३२ असतो आणि बाजूला गवत असतं. तुमच्याकडे वेग ५०, बाजूला दरी आणि समोरून एसटी. म्हणून माझ्या ४५ च्या अनुभवावर तुम्ही ४५ घेऊ नका असंच मी म्हणेन.

एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगतो, नुसता मिमीचा आकडा बघू नका, रिमचा आकार बघा. जुन्या पद्धतीची अरुंद, आतल्या बाजूला निमुळती होत जाणारी व्ही आकाराची ४० ची रिम ही आताच्या रुंद, गोलसर यू आकाराच्या ५० पेक्षा वाऱ्यात जास्त नाचते. साधारण २०१० नंतर चांगल्या कंपन्यांनी रिम रुंद आणि बोथट करायला घेतली, त्याने वाऱ्याचा जोर मागे अक्षाकडे सरकतो आणि हँडल कमी ओढलं जातं. सेकंड हँडमध्ये स्वस्तात ‘५० मिमी कार्बन’ दिसतात ना, त्यात या जुन्या व्ही रिम पुष्कळ असतात, त्या अजिबात नको.

बाकी वाऱ्यापुढे प्रोसुद्धा हात टेकतात. २०१५ च्या घेंट-वेवेल्गेम या बेल्जियमच्या रेसमध्ये वाऱ्याने जेरंट थॉमस या प्रो सायकलपटूला उचलून रस्त्याच्या कडेच्या चरात टाकलं होतं, आणि तरी उठून त्याने तिसरा नंबर काढला. हवाईतल्या कोनाच्या आयर्नमॅनला तिथल्या आडव्या वाऱ्यामुळे मागचं डिस्क व्हील (स्पोकऐवजी सगळं बंद असलेलं चाक) लावायलाच परवानगी नाही. यूसीआयने (सायकलिंगची जागतिक संघटना) पण २०२६ पासून ग्रुप स्टार्टच्या रोड रेसमध्ये रिमच्या उंचीला ६५ मिमीची मर्यादा घातलीय.

पामबीच_पहाटे
मी थोडं वेगळं बोलतो. वजन ६०, दोन्हीकडे ५०, नवी मुंबईत चालवतो. वाशीच्या खाडीपुलावर पावसाळ्याच्या आधी जो वारा सुटतो तो काही कमी नसतो आणि शेजारून कंटेनर जातात. कंटेनर बाजूला आला की आधी हवा बाहेर ढकलते, तो पुढे गेला की आत ओढते, हे दोन्ही धक्के लागोपाठ येतात. पण सवय होते हो. बरेच लोक दोन-तीन राइडमध्ये घाबरतात आणि चाकं विकून टाकतात, थोडा धीर धरला तर हात आपोआप शिकतात.

वाऱ्यात काय करायचं ते सांगतो. हात खाली ड्रॉप्सवर (हँडलच्या खालच्या वळणावर) ठेवायचे, कोपर सैल, छाती खाली, म्हणजे वजन पुढच्या चाकावर येतं. हँडल घट्ट आवळायचं नाही, आवळलं की प्रत्येक झटका खांद्यापर्यंत जातो आणि आपण उलटं वळवून तो दुप्पट करतो. उतारावर एक गुडघा टॉप ट्यूबला (फ्रेमच्या वरच्या दांड्याला) टेकवला की सायकल बरीच शांत होते. आणि वळण संपून दरी उघडते तिथे आधीच वेग कमी करायचा, झोत आल्यावर पुढचा ब्रेक ओढायचा नाही. हे सगळं जमलं तर ५० ला घाबरायचं कारण नाही, आणि सपाट रस्त्यावर ग्रुपमध्ये त्या चाकांची जी मजा आहे ती ३५ मध्ये नाही, हे माझं प्रामाणिक मत.

वॅटचा_हिशोब
@पामबीच_पहाटे तंत्र तुम्ही एकदम बरोबर सांगितलंत, ते सगळ्यांनी शिकायलाच हवं, चाक कुठलंही असो. फक्त खाडीपूल सपाट आहे. घाटात थकलेल्या हातांनी उतरताना, त्यात ३०० च्या बीआरएममध्ये वीस तासांची मुदत असते म्हणजे बऱ्याच जणांचा काही भाग अंधारात होणार, तेव्हा अशी चाकं असावीत की लक्ष रस्त्यावर राहील, हँडलवर नाही. घाबरून सारखा ब्रेक मारत उतरलं की चाकांनी सपाटीवर वाचवलेली मिनिटं तिथेच जातात.

सडा_आणि_सायकल
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! झीलंडवाल्या दादांनी रिमच्या आकाराचं सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. मन आता पुढे ३५-४० आणि मागे ५० कडे झुकलंय. दोन शंका राहिल्या. एक, बाहेरून मागवायचा सेट बघतेय तो हुकलेस आहे (म्हणजे रिमच्या कडेला टायर धरणारी हुक नाही), घेऊ का? दोन, इथे आमच्याकडे कार्बन चाकांचं काम करणारा कोणी नाही, स्पोक तुटला तर पुण्याला पळावं लागेल का?

आऊट_काढणारा
ताई मी कराडला सायकलचं दुकान चालवतो म्हणून या दोन शंकांवर बोलतो, वाऱ्याचं वरच्यांनी छान सांगितलंय.

हुकलेस वाईट नाही पण त्यात चूक चालत नाही. हवेची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे ७२ पीएसआय, त्याच्या वर जायचंच नाही. तुमच्या वजनाला २८ च्या टायरमध्ये ५५-६० पुरेल म्हणजे मर्यादेचा तसा त्रास नाही. खरी अडचण टायरची. हुकलेसवर फक्त त्यासाठी पास केलेलेच टायर लावता येतात आणि रिमच्या आतल्या रुंदीला तो साइज चालतो का हे कंपनीच्या यादीत बघावं लागतं. आतून २५ मिमी रुंद रिमवर २८ चा टायर लावू नका, मोठा लागतो. बीआरएममध्ये रात्री टायर फाटला आणि रस्त्यातल्या कुठल्या दुकानात मिळेल तो टायर लावायची वेळ आली तर हुक असलेल्या रिमवर तो निर्धास्त बसतो. म्हणून लांबच्या राइड करणाऱ्याला मी हुकवालीच सांगतो, आतून २१ ते २३ आणि बाहेरून ३० च्या वर. टायर रिमपेक्षा फुगून बाहेर आला की एरोचा (हवा कापण्याचा) फायदा जातो. रिमची बाहेरची रुंदी टायरच्या खऱ्या रुंदीच्या १०५ टक्के तरी असावी असा झिप या चाकांच्या कंपनीत काम केलेल्या जॉश पोर्टनरचा नियम आहे. २८ चा टायर रुंद रिमवर बसवला की २९-३० भरतो, छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, कॅलिपर लावून मोजा.

आता स्पोक. सेट घेताना साधे स्टीलचे, वाकड्या मानेचे जे-बेंड स्पोक आणि बाहेरून दिसणारे निपल (स्पोकचा ताण बदलायच्या नट) असलेलाच घ्या. निपल रिमच्या आत लपलेले असले तर थोडासा आऊट काढायला (वाकडं चाक सरळ करायला) पण टायर, टेप सगळं उतरवावं लागतं. कार्बनचे स्पोक दिसायला भारी, वजनाला हलके, पण एक गेला तर त्याच कंपनीकडून मागवायचा आणि महिनाभर सायकल भिंतीला. जे-बेंड असेल तर कराड-साताऱ्यात कुठलाही जाणता मिस्त्री आऊट काढून देईल, फक्त ताण मोजायचा मीटर आहे का विचारा, कार्बन रिमवर नुसत्या बोटाच्या अंदाजाने ताण देऊ नये. ऑर्डर करतानाच पुढचे आणि मागचे दोन-दोन जादा स्पोक निपलसकट मागवून ठेवा, डाव्या-उजव्या बाजूची लांबी वेगळी असते तेव्हा दोन्ही घ्या.

डिस्क ब्रेक आहे ते फार बरं झालं. रिम ब्रेकवाल्या कार्बन चाकांना आपल्या घाटात सतत ब्रेक ओढला की रिम तापायची काळजी असते, ती तुम्हाला नाही. रोटर (ब्रेकची तबकडी) सेंटर लॉक आहे का सहा बोल्टचा, आणि मागची कॅसेट (गिअरच्या चकत्या) कुठल्या फ्रीहबवर (त्या बसतात त्या भागावर) बसते, शिमानो का स्रॅम एक्सडीआर, एवढं दुकानदाराला लिहून पाठवा. कस्टमचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा. वॉरंटीत रिम परत पाठवायचं भाडं कोणी भरायचं तेही आधी विचारा, बाहेरच्या सेटला ते पुष्कळदा आपल्यावरच येतं.

आणि एक बारीक गोष्ट जी सगळे विसरतात, मागे ५० ची रिम म्हणजे नेहमीची ४८ ची व्हॉल्व्ह बाहेर येणारच नाही. ८० मिमी व्हॉल्व्हच्या दोन ट्यूब बॅगेत ठेवा, पुढच्या चाकाला पण त्याच चालतात. वाटेतल्या दुकानात या मिळत नाहीत.