चित्रपट चांगला आहे हे कोणत्या निकषांवर ठरवावे?

प्रश्न: चित्रपट आवडला एवढे सांगता येते, पण तो चांगला का आहे हे पटवून देताना माझी अडचण होते. आधी काय तपासावे?

उत्तर १: एकच प्रसंग निवडून पाहा. ‘फँड्री’ या मराठी चित्रपटात (२०१३) गावातले डुक्कर हाती लागणार इतक्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, ते पकडायला धावणारे जब्या या शाळकरी नायकाचे कुटुंब जागच्या जागी थबकते आणि डुक्कर निसटते; एकही संवाद नसताना जातिव्यवस्थेने केलेली त्यांची कोंडी कळते. सांगायचे ते दृश्यातूनच पोहोचते का, हा माझा पहिला निकष आहे.

उत्तर २: मान्य, मात्र गतीही विषयाशी ताडून पाहावी. ‘कोर्ट’मध्ये (२०१४) स्थिर कॅमेऱ्यासमोर सुनावण्या लांबत जातात, पण खटल्याचे रेंगाळणे हाच तिथे विषय असल्याने तो संथपणा दोष ठरत नाही.

प्रश्नकर्ता: तो मी कंटाळून अर्ध्यावर सोडला होता, आता पुन्हा पाहतो.